निधान

निपाणीत, पतसंस्थेच्या माडीवर,
जिथं खालच्या वखारीतली तंबाखूची खकाणी
थेट की-बोर्डात उतरते,
तिथं मी ती ओळ चालवली.

वरून पत्र आलं होतं:
फायलींत इंग्रजीत जिथं जिथं बेलगाम,
तिथं बेळगावी करावे.
चौदा शाखा, चौदा फायली, हातानं कोण बसणार?
सेड, तिरपी रेघ, जुनं नाव,
तिरपी रेघ, नवं नाव,
तिरपी रेघ, आणि शेवटी जी, म्हणजे सरसकट.
एंटर.
मशीन काही बोललं नाही.
चुकलं तरी ते गप्पच असतं.

दुपारी प्रिंटर हरवला.
तो आपलं जुनं नाव सांगत राहिला,
त्याला कुणी ओळखेना.
मग रत्नप्रभा बेलगामकर काउंटरवर,
चष्मा कपाळावर, हातात पासबुक:
"बेळगावीकर कोण गं?
लग्नातसुद्धा मी आडनाव सोडलं नव्हतं."

अडिवेप्पा चिकोडीहून शेवटच्या बसनं आले.
रागावले नाहीत. एवढंच विचारलं,
"मूळ प्रत?"
मी खकाणीवर बोटानं रेघा मारत बसले.

रात्रभर त्यांनी गेल्या महिन्याच्या कॅसेटवरून
एकेक फाईल उठवली.
मध्येच सांगायचे,
आधी प्रत काढ, नावामागं तारीख लाव.
लिहू नको, नुसतं दाखव म्हण त्याला.
शब्दाला दोन्हीकडून कुंपण घाल,
नाहीतर आडनावात शिरतो.
टिंबावर भरवसा ठेवू नको,
त्यात कुठलंही अक्षर मावतं;
खरंच टिंब पाहिजे तर पुढं उलटी रेघ दे.
जुनी नवी शेजारी धरून बघ की,
किती ओळी हलल्या.
आकडा आधी तोंडानं सांग, मग मोज.

आणि दर वाक्याला: निधान, निधान.

मी मराठी शाळेतली. मला वाटायचं,
त्या जपून ठेवलेल्या प्रतीलाच म्हणतात,
ठेवा म्हणून.
कानडीत ते नुसतं 'हळू' असतं
हे कळायला दिवाळी उजाडली.
तोवर दोन्ही अर्थांची सवय झाली होती.

आज परत एक पत्र आलंय.
अडिवेप्पा निवृत्त होऊन गोकाकला.
प्रत काढली, तारीख लावली,
खाली पोती उतरताहेत, माडी थोडी हलते आहे.
बोट एंटरवर.
पडद्यावर सत्तावीस ओळी.

मी सव्वीस म्हटलं होतं.