गोम

ऑस्त्राव्हात, सातव्या मजल्यावर,
वेंडेलीनच्या कपड्यांच्या कपाटात
आता कपडे नाहीत.
डबे आहेत. झाकणांना सुईनं पाडलेली भोकं,
आत नारळाचा भुसा, सालपटाखाली ती:
वीतभर, विटकरी, एकवीस जोड्या पायांची.

लग्न पार पडलं फेब्रुवारीत.
नर वाचला. चिमटा हातात धरून
हा रात्रभर उकिडवा बसला होता.

मग अंडी. त्यांच्याभोवती तिचं वेटोळं,
एकेक अंडं चाटूनपुसून ठेवणं,
बुरशी धरू नये म्हणून.

गोम अशी, की बघायचं नाही.
मागच्या खेपेला यानं झाकण उचललं,
टॉर्च मारला, जरासाच.
सकाळी अंडी नव्हती. तिनंच खाल्ली.

आता कपाटाला चिकटपट्टी.
शेजारची पाव्लीकोव्हाबाई विचारते, झाली का पिल्लं?
माहीत नाही, म्हणतो.
पाणी फवारतो तेही बाजूच्या भोकातून,
डोळे मिटून.

तिकडे ब्रनोला मुलीचे दिवस भरत आलेत.
फोन उचलतो, अर्धा नंबर लावतो,
ठेवून देतो.

रात्री गारठा वाढला की
खाणीतला जुना कोट कपाटावर पांघरतो
आणि दाराला कान लावून उभा राहतो,
बेचाळीस पायांचा आवाज होत नसतो
हे ठाऊक असूनही.