प्रभारी

दारावरची पाटी पितळेची आहे.
त्यावर केळुसकरांचं नाव होतं, ते घासून काढलं,
तरी चारच्या उन्हात तिरकं पाहिलं
की 'के' अजून दिसतो.
त्याच्यावर माझं: उत्पला भालशंकर,
कार्यकारी अभियंता, पाणीपुरवठा.
आणि खाली स्टिकरवर
(कारण स्टिकर काढता येतो)
प्रभारी.

तीन वर्षं झाली. कोपरे उचललेत.
शिपाई विचारतो, मॅडम, नवा लावू?

आधी पाइप फुटला, मग बढती मिळाली.
घणसोलीला, रस्त्याच्या मधोमध, तीन मजली फवारा,
आणि त्या रात्री अनुभवी माणसांना
एकाएकी रजा, एकाएकी रक्तदाब.
तुम्ही घ्या चार्ज, तुमच्यात धमक आहे.
पाइप जोडला. अठ्ठावीस तास लागले.
मार्चमध्ये गोपनीय अहवालात
तीच धमक टाइप होऊन आली:
काम समाधानकारक. स्वर तीव्र.

मी माझा स्वर घरी नेऊन तपासला.
बाथरूममध्ये, नळ सोडून,
'एस्टिमेट दुरुस्त करून आणा' हे एवढंच वाक्य
सहा प्रकारे म्हणून पाहिलं.
सहाव्यांदा ते विनंतीसारखं निघालं
आणि मला माझीच लाज वाटली.
पाणी तेवढं वाया गेलं. तेही मी मोजलं.

भेटायला येणारे माझ्याकडे बघून विचारतात,
साहेब कुठे बसतात?
इथेच बसतात, मी म्हणते, बोला.
मग नाव. मग गाव. बार्शीजवळ.
गावात कुणीकडे?
पंचवीस वर्षं पामबीचला राहून
समुद्र कुठल्या बाजूला ते सांगता येत नाही यांना,
पण माझ्या गावाच्या दिशा हव्या असतात.

चौदा एप्रिलला मात्र आठवण होते.
मॅडम, तुम्हीच बोला, तुम्ही छान बोलता.
बोलते. टाळ्या पडतात, शाल मिळते.
पंधरा एप्रिलला बजेटची बैठक.
मी म्हणते, बहात्तर लाख. पंखा फिरतो.
दोन खुर्च्या पलीकडून प्रधान म्हणतात, बहात्तर लाख,
आणि सगळे पेनची टोपणं काढतात.
माझ्याकडे अशा अकरा शाली आहेत.

परवा रात्री एक वाजता
कोपरखैरण्याला व्हॉल्व्ह अडकला.
जोमा मढवी चेंबरमध्ये उतरला होता.
त्याच्या बापाच्या शेतावर हे सेक्टर उभं आहे
आणि तो अजून कंत्राटावर.
बाय, यो काय हलत नाय, तो खालून म्हणाला.
मी ओढणी गाडीत टाकली आणि उतरले.
लोखंडी चावी, माणसाएवढी,
तिच्या आडव्या दांड्यावर चार हात.
आटे मोजत गेलो. सात. आठ.
नववा फिरेना.
नववा फिरेना.
फिरला.
आणि पायाखालून तो आवाज आला,
आधी खोकल्यासारखा, मग लांब, मोकळा,
झोपलेल्या बिल्डिंगांच्या दिशेनं निघालेला.

जोमानं बाटली पुढे केली, अर्धी, तोंड लावलेली.
मीही तोंड लावून प्याले.
त्यानं काही विचारलं नाही,
मला काही सिद्ध करायचं नव्हतं.
पाणी कोमट होतं, थोडी तंबाखूची चव.

सकाळी दहाला प्रधान दारात,
हसत, चहाचा कप बशीवर हलवत:
रात्री स्वतः उतरलात म्हणे!
तुम्हाला काय, सवय असेल.

माझ्याजवळ त्या क्षणी
बरेच स्वर होते.
मी फाइल उघडली. म्हटलं,
पान चार, बेरीज चुकली आहे.
एस्टिमेट दुरुस्त करून आणा.
कितव्या प्रकारे म्हटलं, आठवत नाही.
कप मात्र हलायचा थांबला.

शिपायाला सांगितलं, नवा नको.
जुनाच राहू दे, पडेल तेव्हा पडेल.
जेवणाच्या सुट्टीत नखानं
एक कोपरा उचलून पाहिला.
खाली पितळच आहे.
थोडं चिकट.