दोन बनियन

एव्हशमच्या नियोजन कचेरीत माझं हे सातवं वर्ष.
नकाशाच्या कोपऱ्यात खुणांचा चौकोन असतो:
घरांना गुलाबी, रस्त्यांना पिवळा,
पुराच्या पट्ट्याला निळ्या तिरक्या रेघा,
वटवाघळांनाही एक जांभळा ठिपका.
मातीला रंग नाही.
ती बहुधा कागदच,
ज्याच्यावर बाकीचं छापलंय.

मार्चमध्ये यशोधनचे दोन जुने बनियन घेतले,
सुती, काखेत विरलेले.
ऑफिसला नेतेस? तो म्हणाला.
हो, पुरायला.

एक पुरला ऑलिव्ह बायर्डच्या शेतात, वीतभर खोल,
जिथे तिनं अकरा वर्षं नांगर घातलेला नाही
आणि जिथे तीनशे दहा घरं प्रस्तावित आहेत.
दुसरा ओढ्यापलीकडच्या नव्या वसाहतीत,
सव्वीस नंबरच्या हिरवळीखाली.
तिथे कुदळ वाजली. खरंच वाजली,
तव्यावर उलथनं आपटावं तशी.
यंत्रांनी दोन हिवाळे तुडवलेली चिकणमाती,
वर चार बोटं विकतची,
त्यावर सतरंजीसारखं उलगडलेलं गवत.
सव्वीस नंबरचा डेक्लन चहा घेऊन दारात उभा.
पाऊस पडला की इथे तळं होतं, म्हणाला,
आणि तळं भरलं की खालच्या गल्लीत जातं,
माझ्या सासूच्या स्वयंपाकघरात.

नऊ आठवडे गेले.
अ‍ॅस्परॅगस वर आलं, विकलं गेलं.
दोन बैठका झाल्या, तिसरी तहकूब.

मे महिन्यात ऑलिव्हनं स्वतः खणलं.
बनियन सापडेना.
गुडघ्यांवर बसून आम्ही ढेकळं फोडत राहिलो,
तांदळातले खडे निवडावेत तसे.
शेवटी गळ्याची शिवण हाती आली,
पॉलिएस्टरचा दोरा,
बनियनची नुसती रेघ,
आणि लेबल: कोमट पाण्यात धुवावे.
बाकीचं खाल्लं गेलं होतं.
जेवून उठलेल्या पंगतीकडे बघावं
तशी मी त्या खड्ड्याकडे बघत बसले.

सव्वीस नंबरचा अख्खा निघाला.
मशीनला लावला.
यशोधन म्हणाला, अजून बसतोय.

बैठकीत दोन्ही टेबलावर ठेवले.
अध्यक्ष टँडींनी चश्मा काढून विचारलं,
हे कोणत्या परिशिष्टात येतं?
कुठल्याच नाही, म्हटलं. म्हणून तर आणलं.
बिल्डरचा वकील, सभ्य माणूस, म्हणाला,
वरची माती आम्ही ढीग करून जपून ठेवू.
मागच्या खुर्चीवरून ऑलिव्ह: किती दिवस?
काम संपेपर्यंत.
गाईही अशाच रचून ठेवतोस का रे,
एकावर एक?

कोणी हसलं, कोणी नाही.
डेक्लनची मेहुणी घरांच्या यादीत पाच वर्षं आहे,
तीही तिथेच बसली होती,
मांडीवर पोर.
तिच्याकडे बघून मला काही बोलता येईना.

परतताना वाटलं, माझी भाषा तरी कुठे भली.
किंमत नसली की मातीमोल.
चुकलो की माती खाल्ली.
संसार बुडाला की त्याची माती झाली.
इतक्यांदा तोंडात घेतली
आणि चव म्हणून विचारली नाही कुणी.

तीनशे दहाची दोनशे साठ झाली.
ऑलिव्हची वरची पट्टी सुटली, खालची गेली.
अट एकोणीस: ओल्या जमिनीवर चाक नको.
ती पाळतील का, ते नोव्हेंबरात कळेल.
आणि खुणांच्या चौकोनात
एक रिकामं घर मिळालं, मातीसाठी.
कोणता तपकिरी भरायचा
यावर सध्या ईमेल चालू आहेत, चौदा झाले.
काल मी माझं नख स्कॅन करून पाठवलं.