आलं

चिन्हं वाटली त्या दिवशी केप्याच्या कचेरीत
सुलक्षाने स्टेथोस्कोप मागितला होता.
तो दुसऱ्याच कुणी आधी नेला,
हिच्या वाट्याला आलं आलं.
चित्रातही गाठाळ, नुकतं मातीतून उपटल्यासारखं.
पोदेर हसला, रिक्षावाले हसले,
मीही हसलो, तोंड फिरवून.

बहिणीचं प्रतिज्ञापत्र मी वाचलंय.
स्थावर: निरंक.
घर आहे, पण घराखालची जमीन भाटकाराची.
आमचा बाप पुनो वेळीप तिथे जन्मभर मुंडकार,
कौल बदलायचे तरी वर जाऊन विचारून यायचा.
जंगम: एक स्कूटर, कानातली, पतसंस्थेत चौदा हजार.
गुन्हे: एक. रस्त्यात बसून ट्रक अडवल्याचा.
त्या रांगेतला सातवा ट्रक माझा होता,
हे लिहायला रकाना नव्हता.

उपकेंद्रात नर्स होती ती.
पोलिओचे थेंब पाजता पाजता
तिने एक वेगळीच वही सुरू केली:
कोण खोकतो, कधीपासून,
घर रस्त्यापासून किती पावलं.
पावलं स्वतः मोजायची, छत्री मिटून.
सहाशे नावं झाली तेव्हा वही घेऊन साहेबांकडे गेली.
त्यांनी आधी चहा दिला, मग बदली.
राजीनामा तिने त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहिला
आणि पान फाडून दिलं.

मी त्याच लाल धुळीवर हप्ते फेडत होतो.
खाण बंद पडली तेव्हा अकरा उरले होते.
ट्रक फणसाखाली उभा आहे,
केबिनमध्ये कोंबडी अंडी घालते.
मित्र म्हणतात, तुझ्या बहिणीने आमच्या चुली विझवल्या.
मी म्हणतो, कोर्टाने.
हळू म्हणतो.

भाषणाचा आवाज नाही तिला.
साकव ओलांडून, कुळागरांतून, वाड्यावाड्यावर जायची,
मांडाच्या कडेला बसायची.
"शेवंतीमावशी, रात्री झोप लागते?"
एवढंच विचारून वही उघडायची.
मग झरीवर हक्क कुणाचा,
आणि खाण चालवायचीच तर
गावाच्या सोसायटीने का चालवू नये.
पोरं विचारायची, नोकरी देणार?
"देतो म्हणणारा खोटं बोलतो. मी मागणार.
तुम्ही माझ्या मागे उभे राहून मागणार."
पोरं गप्प. एक-दोघं उठून गेलेही.

समोर भाटकाराचा नातू.
नमस्कार छान करतो, वाकून.
त्याच्या माणसाने मला पाच हजार दिले,
मतदानाला माणसं आणायला, भाड्याच्या जीपमधून.
घेतले. एक हप्ता गेला.
मागच्या बाकावर सात म्हाताऱ्या, सगळ्या खोकणाऱ्या.
वळणावर एकीने पदराची गाठ सोडली,
मीठ लावलेले आल्याचे तुकडे वाटले.
एक माझ्या खांद्यावरून पुढे आला.
आरशात तिचे डोळे. मी घेतला.
केंद्र येईपर्यंत जीभ पोळत होती.

मत कुणाला दिलं ते सांगणार नाही.

चार हजार एकशे नऊ.
डिपॉझिट वाचलं, जेमतेम.
वर भाटकाराकडे फटाके रात्री दहापर्यंत.
ती आली, पाय धुतले, पेज जेवली,
पेजेला तोंडी लावायला लोणच्याची फोड मागितली,
जशी रोज मागते.
मी सोप्यावर बसून खोकत होतो.
फटाक्यांचा धूर, म्हणालो.

तिने वही काढली. नवी ओळ.
"नाव ठाऊक आहे," म्हणाली,
"वय त्रेचाळीस. धंदा?"
मी फणसाखाली पाहिलं.
"ड्रायव्हर."
पेन थांबलं, पुन्हा चाललं.
"कधीपासून?"