सड्याचा इतिहास, दोन पानांत

नगरपालिकेच्या स्मरणिकेला दोन पानं हवी आहेत.
स्थापनेचं साल, संस्थापकाचं नाव,
शक्यतो एखादा जुना फोटो.

फोटो नाही.
सड्यावर तेव्हा फोटो काढण्यासारखं काही नव्हतं.
जांभा, करवंदीची जाळी, वाळलेलं करड,
आणि खाली तिन्ही बाजूंना इतकं पाणी
की तहान लागली म्हणायची लाज वाटावी.
विहीर खणायला घातलेली पहार
ठिणगी घेऊन वर यायची.

संस्थापक म्हणून मी लढाई लिहिते.
तीही आमची नव्हे.
महायुद्धात हे बंदर तटस्थ होतं,
दोघा भावांच्या भांडणात
दोघांनाही चहा देणाऱ्या शेजाऱ्यासारखं.
परकी जहाजं नांगर टाकून गंजत राहिली
आणि एका रात्री पेटली.
इनास फेर्रांव सांगायचा, आठवड्याने वाळूत
पितळी बिजागऱ्या मिळाल्या.
त्यातली एक त्याच्या न्हाणीच्या दाराला होती,
कुरकुरायची.
एवढंच आमचं संग्रहालय.

मग कोरियात पेटली.
कोरिया कुठे आहे, कोणाला ठाऊक?
पण पायाखालच्या दगडाचं कुणी वजन करू लागलं
की समजावं, लांब कुठेतरी माणसं मरताहेत.
सांग्याचे, डिचोलीचे डोंगर
बार्जीत बसून समुद्राला आले.
फळीवरून चढणाऱ्या बायका,
विजापूरची यल्लव्वा, कारवारची देवकी,
टोपलीमागे एक बिल्ला,
संध्याकाळी बिल्ले मोजून पैसे.
दमून त्या जिथे आडव्या झाल्या
त्या जागेला आज वॉर्ड क्रमांक आहे.

माझे वडील म्हाबळू, पाण्याच्या लायनीवर.
ओपाहून आलेला नळ सड्यावर चढताना धापा टाकायचा.
खांद्यावर टी आकाराची लोखंडी चावी,
पहाटे चारला खालची आळी, पाचला वरची.
सतरा फेरे उघडायचे, पाऊण तासाने सतरा मिटायचे.
खोली बांधायची तर लोक आधी त्यांना विचारत,
भटजीला मागाहून.
अभियंत्यांचा नकाशा पुढे कधीतरी झाला,
त्याआधी घागरींची रांग होती
आणि रांग वळेल तसा रस्ता वळला.
पोस्टाजवळचं ते विचित्र वळण त्यामुळेच.

बाकीचं सगळं दोरीवरच्या कपड्यांत लिहिलंय.
मी शाळेत असताना पांढरा सदरा दुपारपर्यंत तांबडा.
लग्नानंतर पहिल्याच सकाळी, केप्याचा माझा नवरा
उशीकडे बघून म्हणाला, कुंकू सांडलं वाटतं.
खाणी बंद झाल्या, बार्जी खाडीत उभ्या उभ्या कुजल्या,
तांडेल गोकुळदास तारी रिक्षा चालवू लागला.
त्या वर्षी उशा तांबड्या झाल्या नाहीत
आणि वाण्याची वही भरली.
आता खिडकीच्या गजावर बोट फिरवलं तर काळं येतं.
कोळसा, कुठल्याशा पोलादासाठी.
ते पोलाद पुढे कुठे जातं, मी विचारत नाही.
मोर्चाला मात्र गेले होते, दोनदा.
दुसऱ्यांदा चप्पल तुटली.

चिखलीच्या इस्पितळात शेवटच्या आठवड्यात
वडील पहाटे चारला जागे व्हायचे,
दोन्ही हातांनी हवा पिळायचे, मोजत.
नर्स म्हणाली, भ्रम आहे.
शेजारच्या खाटेवरची म्हातारी मात्र
वरच्या आळीतली निघाली,
उठून बसली, म्हणाली,
बादली लावा गो कोणीतरी.

तर, स्थापनेच्या सालाची जागा कोरी सोडलीय.
फोटोऐवजी चावी पाठवते, तिचाच काढा.
काम झालं की परत द्या.
तुमचा नवा व्हॉल्व्ह मे महिन्यात अडकतो
आणि पोरं रात्री-अपरात्री
ती मागायला माझ्याकडेच येतात.