पूर्ण तिकीट

बुकिंग झालं, त्याच्या तिसऱ्या दिवशी
शेजारची हेमांगी जिन्यातूनच म्हणाली,
तेच पार्क, तीच तारीख, आता
माणशी दोनशे चाळीस कमी.
तव्यावरची कळण्याची भाकरी उलटायची राहून गेली.

पाच माणसं. बाराशे.
बाराशेत पाचोऱ्यात काय काय येतं
ते मला कुणी विचारू नये.

तेव्हापासून शोधतेय.
बँकेच्या कार्डामागे, रिचार्जच्या मेसेजात,
भूमीच्या बिस्किटाचा पुडासुद्धा उलटा करून पाहिला.
सगळीकडे तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात:
आधी केलेल्या बुकिंगला लागू नाही.
आधी केलेलं माझं काहीच लागू होत नाही.
डी.एड.सुद्धा आधीच केलं होतं.

चेतन म्हणतो, सोड ना, गेले ते गेले.
त्याला सोडता येतं.
मी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना,
फोन लावते. एक दाबा, तीन दाबा, पुन्हा एक.
सातव्या वेळेस जी मुलगी लागली
तिच्या "थांबा हां ताई" मध्येच मला आपला रस्ता ऐकू आला.
कुठली गं तू?
जरा गप्प. मग आवाज खाली करून: पारोळ्याची.
पैसे परत नाही होणार ताई, तिने सांगितलं,
पण साठच्या वर कोणी असेल, तर गेटवर आधार दाखवा,
फरक देतात. आणि पोरगं
एकशे चाळीस सेंटीमीटरच्या आत असेल, तर त्याचाही.

मी टेप घेऊन बसले.
फ्रिजच्या कडेला हितार्थ: एकशे साडेएकोणचाळीस.
टाच खाली ठेव.
टाच खालीच आहे मम्मी.
केस चपटे कर.
तो रडायलाच आला. मोठ्या झोपाळ्यात
एकशे चाळीसच्या खाली घेत नाहीत म्हणे,
वर्गातल्या सगळ्यांना त्याने सांगून ठेवलंय.
रोज दाराच्या चौकटीला लोंबकळतो पोरगा,
आणि मी मनात म्हणते, दिवाळीपर्यंत नको रे वाढू.
असं कोणती आई म्हणते?

राहिले आप्पा.
आधारवर एक जून. त्यांच्या वर्गातल्या
सगळ्यांचाच एक जून, गुरुजींना दुसरी तारीख सुचली नाही.
पण कागदाने साठ यंदाच भरली.
मी कार्ड मागितलं तर जिनिंगवरून आलेला माणूस
टोपीतली सरकी झटकत म्हणाला,
"मी काय डोकरा व्हई गऊ का?"

मग कितीतरी वेळाने, जेवताना, आपणहून:
पीजे चालायची तेव्हा, शेंदुर्णीच्या बाजाराला जाताना
बाप डब्यात शिरायच्या आधी सांगायचा,
गुडघा वाकव. कोनी इचारं ते च्यार सांग.
मी सात वर्षांचा होतो.
तव्हय लहान व्हय म्हने. आते म्हतारा व्हय म्हनतस.
मधी मी आख्खं तिकीट काढं, बेटा,
ते कोनले दिसनं नही.

मी ताटात पाहिलं. वरण घ्या, म्हटलं.

गेटवर उंची मोजायची पाटी होती, तिच्यावर हसणारं माकड.
हितार्थ मान ताणून उभा. त्याच्या मागे,
कुणी सांगितलं नसताना, आप्पाही
ताठ, छाती काढून, टोपी सरळ.
एकशे चाळीस आणि वर थोडंसं.
पर्समधलं कार्ड मी चाचपलं.
बाराशेतले किती ते मी आजवर हिशोबात धरलेले नाहीत.
झोपाळ्यावरून दोघांचं ओरडणं आलं,
कोणतं कुणाचं ते खालून कळेना.

परतीच्या गाडीत मनमाडच्या अलीकडे टीसी आला.
सगळे झोपलेले. त्याने आप्पांच्या खांद्याला
हात लावला, तिकीट?
आप्पांनी डोळे उघडलेच नाहीत.
पांघरुणात गुडघे पोटाशी घेतले
आणि बारीक आवाजात म्हणाले,
च्यार.