वीतभर खाली

हातभर लांबीचा पाइप,
गोठ्याच्या पन्हाळीतून उरलेला.
तापवलेल्या खिळ्यानं त्याला भोकं पाडली,
चाळणीसारखी, अर्ध्यापर्यंतच.
जळक्या प्लास्टिकचा वास दोन दिवस बोटांना होता.
मग येळ्ळूरच्या शिवारात,
राजहंसगडाकडं तोंड केलेल्या आमच्या बावीस गुंठ्यांत,
बांधापासून चार पावलं आत तो रोवला.

त्यात वाकून बघायचं, एवढंच काम.
पाणी वीतभर खाली जाईस्तोवर
मोटर लावायची नाही,
असं धारवाडहून आलेल्या पोरीनं सांगितलं.
पत्रक दिलं, ते कानडीत.
माझ्या शशिकलानं ते वाचलं,
बाईंसमोर उभं राहिल्यासारखं, ठासून.
मिथेन हा शब्द दोन्ही भाषांत एकच निघाला.
चला, एका गोष्टीवर तरी भांडण नाही.

भरमाण्णा कुगजी बांधावर उकिडवा बसला.
डाव्या पायाचं एक बोट नाही त्याला,
गुऱ्हाळात गेलं.
"भात हाय का जोंधळा गं ह्यो?
तुझ्या सासऱ्यानं खाचरात
बेडूकसुद्धा तहानलेला ठेवला नव्हता."

खरं होतं.
भरल्या खाचरात पाय घातला की
पोटरीला लागून बुडबुडे वर यायचे,
शेत ढेकर देतंय, म्हणायचो आम्ही.
ढेकर कुठं जाते
हे कुणी विचारलं नव्हतं.
वर जाते म्हणे. गडाच्या वर, ढगांच्या वर,
आणि बाळंतिणीच्या खोलीत
शेगडी ठेवून दारं लावून घ्यावीत
तशी सगळ्या जगाला उबवत बसते.

नवव्या दिवशी जमिनीला भेग पडली.
केसाएवढी.
पण ती मला रात्रभर दिसत राहिली,
डोळे मिटले तरी.
पहाटे तीनला उठून गेले.
मोटरीचं हिरवं बटण हाताशी,
वीजही होती, नेमकी तेव्हाच.
मोबाइलचा उजेड पाइपात सोडला,
तळाशी पाण्याचा एक रुपया चमकला.
निरगुडीची काडी बुडवली,
कोरड्या भागाला वीत लावली.
दोन बोटं अजून बाकी.

परत आले.
असं परत येणं
कुठल्या कामात धरत नाहीत.

तण मातलं, हे मात्र पत्रकात नव्हतं.
नागरमोथा तर असा, जणू त्याच्यासाठीच वाफा केला होता.
दोन भांगलणी जादा,
मळवाडच्या तिघी बायका, त्यांचा चहा, त्यांची मजुरी,
आणि यल्लुबाईच्या पाठीचं दुखणं,
ते कुठल्या हिशेबात लिहायचं?
मोटर गेल्या वर्षी एकवीस वेळा लावली होती,
यंदा अकरा.
विहिरीची तळची पायरी
दिवाळीतसुद्धा पाण्यात होती.

पोती अकरा झाली.
मागच्या साली सव्वाअकरा.
पाव पोतं तणानं खाल्लं
की मापाड्यानं, देव जाणे.
धारवाडची पोरगी दोनदा येऊन गेली,
भातावर पेटी पालथी घातली,
सुईनं हवा ओढून घेतली,
बाटल्यांवर तारखा लिहिल्या.
आकडा अजून कळवलेला नाही.
शशिकलानं नव्या भाताचा पहिला घास घेतला
आणि म्हणाली, आई, वास तोच हाय की.
तेवढा एक आकडा माझ्याकडं आहे.

यंदा परत पाइप रोवलाय.
काल सकाळी गेले तर
मऊ पडलेल्या चिखलात पावलं उमटलेली,
बांधापासून पाइपापर्यंत,
आणि पाइपापासून परत.
माझी नव्हेत, रुंद होती.
डाव्या पावलाला चारच बोटं.

मी हाक मारली नाही.
काडीवर वितीची खूण
विळ्यानं जरा खोल केली,
अंधारात चाचपून कळेल एवढी,
आणि तिथंच टोचून ठेवली.